मातीच्या गाऱ्यातली भिंत

इंदूर,
शनिवार, १४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी भिंत उतरवली, असं मी लिहिलं होतं. ती उतरवलेली नाही. ते पत्र मी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी संपवलं. दरवर्षी उतरवतात, यंदाही उतरवणारच, म्हणून घडायच्या आधीच घडल्यासारखं लिहून मोकळी झाले. मग बाबांनी तुला फोनवर सांगितलं की यंदाची भिंत राहणार आहे आणि अठ्ठावीस तारखेला त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात तिच्यावर त्यांच्या नावाची पाटी लागणार आहे. तू मला विचारलंस, “शलू, नक्की काय? पाडली का ठेवली?” मी म्हटलं, “बाबा सांगताहेत तसंच.” बाबा समोरच पेपर वाचत बसले होते. त्यांच्यासमोर मला दुसरं काही बोलता आलं नाही. भिंत उभी आहे, एवढं खरं आहे. पण ती ठेवण्याजोगी नाही, आणि हे आमच्या शाळेत आज फक्त दोघांना नक्की ठाऊक आहे, मला आणि बाबांना.

हे मेसेजवरही लिहिता आलं असतं. दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. मेसेजमध्ये मी सगळं गुळगुळीत करून टाकते, तुला माहीत आहे. कागदावर खाडाखोड तरी दिसते.

तू आमच्या शाळेत कधी आला नाहीस, म्हणून काम कसं चालतं ते सांगते. दहावीनंतरची, काही दहावी न झालेलीही मुलं येतात. बाबा गवंडीकाम शिकवतात आणि गेली दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. पहिल्या आठवड्यात आम्ही मुलांना विटेला हात लावू देत नाही. फक्त गारा कालवायचा, थापीवर घ्यायचा, फळीवर पसरायचा, परत गोळा करायचा. मुलं वैतागतात. “मॅडम, ये तो हलवाई का काम हो गया,” पीयूष म्हणाला होता. पीयूष म्हणजे वर्गातलं तोंड. वर्गात एकच मुलगी आहे, रुपाली. सिमरोलहून बसनं येते. तिचे वडील तिकडच्या मोठ्या कॉलेजात माळीकाम करतात. तिनं पहिल्यांदा थापी हातात घेतली तेव्हा पीयूष म्हणाला, “दीवार बाद में, पहले रोटी तो गोल बना ले.” रुपालीनं मान वर न करता सांगितलं, “भिया, तेरा रद्दा देख, मेरी रोटी से ज़्यादा गोल है.” आणि त्याचा विटांचा थर खरंच मधून फुगला होता. सगळा वर्ग हसला. बाबा पण हसले. त्यांना शाळेत हसताना तू पाहिलेलं नाहीस. घरातल्यापेक्षा वेगळं हसतात.

सरावाची भिंत आम्ही कधीच सिमेंटमध्ये बांधत नाही. पिवळी माती, वाळू आणि चवीपुरता म्हणावा इतका चुना, असा गारा असतो. त्यात बांधलेली भिंत ओळंब्यात येते, दोरीत येते, गुण देण्याइतकी सरळ दिसते. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी तीच मुलं वरच्या थरापासून ती उतरवतात. हातानं वीट हलवली की सुटते. माती झटकायची, विटा धुवायच्या, रचून ठेवायच्या, पुढच्या तुकडीसाठी. पायाही खणलेला नसतो, फरशीवरच पहिला थर. बाबा याला ‘पाडणं’ म्हणत नाहीत, ‘उतरवणं’ म्हणतात. पहिल्या वर्षी मी हे पाहिलं तेव्हा मलाच भरून आलं होतं. मुलं महिनाभर राबतात, आणि मग स्वतःच्या हातांनी वीट वीट काढून ठेवतात. बाबा तेव्हा मध्ये बोलत नाहीत, बाजूला उभे असतात. शेवटचा थर निघाला की मुलांना सांगतात, “आता साइटवर जाल तेव्हा चुकलेला थर काढायला हात आखडणार नाहीत तुमचे.” हिंदीत सांगतात, पण मला ते मराठीतच आठवतं.

तुला आठवतं ना, दम्यामुळे मला चौथीपर्यंत शाळेत घातलंच नव्हतं. तू दप्तर घेऊन निघालास की आई मला पाटी देऊन बसवायची, आणि संध्याकाळी बाबा गच्चीवर गणित घ्यायचे. अपूर्णांक मी विटांवर शिकले. अख्खी, पाऊण, अर्धी, पाव. कोपऱ्यात पाव वीट घातली नाही तर वरचा सांधा खालच्या सांध्यावर येतो, आणि सांध्यावर सांधा आला की भिंत तिथूनच फाटते. हे मला पाढ्यांच्याही आधी कळलं होतं. ‘साधारण इतकं’ असं उत्तर दिलं की बाबा म्हणायचे, “साधारण म्हणजे मोजलं नाहीस.” तू मला ‘गच्चीवरची विद्यार्थिनी’ म्हणून चिडवायचास. हे आज लिहिते आहे कारण माझ्यात जो काही काटेकोरपणा आहे, ज्यानं तुम्ही सगळे वैतागता, तो मी कुठून आणला ते तुला सांगावं लागणार नाही. आणि म्हणूनच मला पहिले काही दिवस काहीच समजेना.

यंदा आमच्या शेडचं छप्पर काढलं होतं, म्हणून भिंत बाहेर अंगणात बांधली. अंगणाच्या कडेला, बालवाडीच्या बाजूला. छातीपर्यंत उंच, नऊ इंच जाड, दोन्ही टोकांना वळवलेली. चांगली झाली, दादा. बाबांच्या हाताखालची मी पाहिलेली सगळ्यात चांगली. परीक्षक निघून गेल्यावर प्राचार्या वसुधा मॅडम बाहेर आल्या. तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “सर, इतकी सुंदर भिंत कशाला मोडायची? बालवाडीला आडोसा होईल. आत मुलांना खेळायला जागा होईल. तुमच्या रिटायरमेंटची आठवण राहील.” आणि मग मुलांकडे वळून, “क्यों बच्चो, रखें ना सर की दीवार?” मुलांनी असा आवाज केला की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. पीयूषनं तर शिट्टी मारली. मॅडमनी परत बाबांना विचारलं, “पक्की आहे ना, सर? लहान मुलं आहेत म्हणून विचारते.”

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारी होते, माझ्या हाताला अजून तोच गारा होता. मला वाटलं आता म्हणतील, मॅडम, ही मातीची आहे, सिमेंटची वेगळी बांधून देतो. ते म्हणाले, “पक्की आहे.”

मला वाटलं, बाबांना नीट ऐकू आलं नाही. मग वाटलं, गडबडीत बोलून गेले, संध्याकाळी मॅडमना सांगतील. संध्याकाळी घरी येताना मेट्रोच्या खोदकामामुळे आमची बस फार वेळ अडकून होती. बाबा खिडकीबाहेर बघत बसले आणि एकदाच म्हणाले, “कोपरा छान वळवला पोरांनी.” दुसऱ्या दिवशीही ते काही बोलले नाहीत. मग मला भीती वाटायला लागली की बाबा विसरायला लागले आहेत. ही भीती कुणाला सांगितली नाही. आईला तर नाहीच. मी त्यांना गुपचूप तपासायला लागले. मागच्या तुकडीतल्या मुलांची नावं विचारली, त्यांनी सांगितली. कुणी कुठं कामाला लागलं तेही सांगितलं. शेजारच्या लग्नाची तारीख, गॅसचा नंबर, तुझ्या जुन्या सायकलचा रंग, काहीही विचारायचे. सगळं बरोबर. शेवटी बाबा वैतागून म्हणाले, “शलाका, तू काय माझी तोंडी परीक्षा घेते आहेस?” मी हसून वेळ मारून नेली. विसरत असते तर निदान काय करायचं ते मला कळलं असतं. डॉक्टरकडे नेलं असतं.

पुढच्या रविवारी बाबा दुपारी बाहेर पडले. जुन्या इंदूरला एका मित्राकडे जातो, म्हणाले. संध्याकाळी आले तेव्हा आईनं न विचारता खोबरेल तेलाची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांची बोटं टोकांना पांढुरकी पडली होती आणि नखांत राखाडी काहीतरी होतं. सिमेंटचं काम केल्यावर होतात तशी. मी पाहिलं, आईनं पाहिलं, आणि मग तिघांनी गवार कशी महाग झाली यावर बोलत जेवण उरकलं.

सोमवारी शाळेत गेले तेव्हा भिंतीच्या सगळ्या सांध्यांत सिमेंट भरलेलं होतं. माती बोटभर खरवडून काढून वरून सिमेंटची दर्जा, म्हणजे सांधेभरणी, मारलेली, दोन्ही बाजूंनी. फार सुरेख काम होतं. सांध्याची रेघ वरच्या कडेला किंचित आत दाबून ओढायची बाबांची सवय आहे, पाणी वरून आलं तर साठू नये म्हणून. ती रेघ मी कुठंही ओळखेन. बाहेरून बघणाऱ्याला आता ती भिंत अस्सल सिमेंटची वाटते. आत मात्र तीच माती आहे, आणि खाली पाया नाही. मी तिथं उभी राहिले आणि कळलं की बाबा काही विसरले नव्हते.

त्याच दिवशी तासाला रुपालीनं हात वर केला. म्हणाली, “सर, एक बात पूछूँ? अपना मसाला तो मिट्टी वाला था ना? तो ये दीवार बारिश में कैसे रुकेगी?” सगळा वर्ग बाबांकडे बघायला लागला. पीयूषसुद्धा. बाबा फळ्याकडे तोंड करून उभे होते. वळले आणि म्हणाले, “आखिर में सिमेंट मिलाया था. तुम उस दिन नहीं आई थी.” दादा, ती एकही दिवस गैरहजर नव्हती. सिमरोलची बस चुकली तर ती दुधाच्या गाडीतून येते. ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं. मग ती “जी, सर” म्हणून बसली. पीयूष तिला दबक्या आवाजात म्हणाला, “समझी? ऊपर से सिमेंट, अंदर कुछ भी. यही असली ट्रेनिंग है.” तो नेहमीसारखी चेष्टाच करत होता. पण पुढच्या महिन्यात ही मुलं ठेकेदारांकडे कामाला लागतील. कुणाच्या घराच्या भिंती, कुणाच्या टाक्या, कुणाचे जिने बांधतील. तेव्हा त्यांना आमचा कुठला धडा आठवेल, याचा विचार करून मला त्या दिवसापासून जेवण गोड लागलेलं नाही.

मी बाबांशी बोलले नाही असं नाही. बुधवारी घरी, गच्चीवर, वाळत घातलेले कपडे काढताना बोलले. आधी बरंच इकडचं तिकडचं, मग एकदम म्हटलं, “बाबा, ती भिंत उतरवायला हवी.” त्यांनी उशीचा अभ्रा नीट घडी केला. म्हणाले, “कार्यक्रम होऊ दे. मी गेलो की मग उतरवा. पावसाळ्याच्या आत.” मी म्हटलं, “बाबा, कार्यक्रमात बालवाडीची मुलं त्याच भिंतीपाशी गाणं म्हणणार आहेत. मॅडमनी ठरवलंय, मोठी उभी राहतील, छोटी वर बसतील.” ते म्हणाले, “दोन तासांत काही होत नाही.” मी विचारलं, “हे मोजून सांगताय की साधारण?”

असं बोलायला नको होतं. मुद्दा बरोबर होता, पण बाबांचंच वाक्य त्यांच्या अंगावर टाकायचं म्हणजे फार झालं. ते कपडे घेऊन खाली गेले. त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलतात, डबा भरला का, छत्री वगैरे घेतलीस का, फेब्रुवारीत छत्री! पण भिंतीचा विषय निघाला की खोलीतून उठतात.

आईला सगळं आधीपासून कळलेलं होतं. स्वयंपाकघरात मला म्हणाली, “शलू, या माणसानं आयुष्यभर बांधलं आणि उतरवलं. एक राहू दे ना गं त्यांची.” मी म्हटलं, “आई, एखादं लेकरू टेकलं आणि ती कलंडली तर?” आई पोळी लाटत राहिली. पोळी तव्यावर टाकली, उलटली, आणि मग म्हणाली, “ते मला कळतं. मला काय कळत नाही? पण त्यांना सांगायला मला नको सांगूस.” तिचा गुडघा पुन्हा सुजला आहे, शेकायला लावते आहे. तुझ्या उन्मेषच्या स्वेटरची दुसरी बाही झाली, गळा राहिला आहे. अठ्ठावीसला थंडी राहिली नसेल, तरी तिला तो त्याला इथं घालून बघायचा आहे.

सध्या मी काय केलं आहे ते सांगते, नाहीतर तू म्हणशील की एवढं माहीत असून ही स्वस्थ कशी बसली. भिंतीच्या पुढे वाळूचा ढीग टाकून घेतला आहे आणि बांबू बांधले आहेत. बालवाडीच्या सरला ताईंना सांगितलं की भिंतीचं सिमेंट ओलं आहे, मुलांना सोडू नका. ते केव्हाच वाळलं होतं. ताईंनी बोट लावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तू म्हणतेस तर ओलं असेल, बेटा.” रोज सकाळी पोचले की आधी तिकडे जाऊन बांबू पाहते. परवा एक चेंडू पलीकडे गेला होता आणि दोन मुलं बांबूखालून वाकत होती. मी इतक्या जोरात ओरडले की त्यातली एक रडायला लागली. तिला उचलून घेतलं, चेंडू आणून दिला, आणि मग शेडमध्ये जाऊन बराच वेळ सिमेंटच्या पोत्यावर बसून राहिले. हे असं बांबूंवर दोन आठवडे सोडता येणार नाही. अठ्ठावीसपर्यंत तर नाहीच.

वसुधा मॅडमना मी आत्ताच जाऊन सांगितलं, तर बाबांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्यावर खोटं बोलल्याचा ठपका येईल. माझं काय व्हायचं ते होऊ दे. मी करारावर आहे, आणि मॅडम मनानं चांगल्या आहेत, पण फसवलं गेलेलं कुणालाच आवडत नाही. न सांगता भिंत उतरवली तर मुलांना वाटेल मी सरांचा अपमान केला. रुपालीला तसं वाटणार नाही. ती रोज येते, काम करते, मला काही विचारत नाही. तिनं न विचारणं मला सगळ्यात जास्त लागतं आहे. मला हे बाबांच्या हातून व्हायला हवं आहे. त्यांनी स्वतः मुलांसमोर उभं राहून म्हणावं की ही मातीची आहे, मी चुकीचं बोललो, चला उतरवू. तसं झालं तर त्यांच्या सगळ्या वर्षांच्या शिकवण्यातला तो सगळ्यात मोठा तास होईल. पण माझ्या तोंडून त्यांना ते ऐकवत नाही. मी त्यांची विद्यार्थिनी आहे. त्यांना माझं बरोबर असणं पाठ आहे.

आता पत्राचं खरं कारण लिहिते. इतका वेळ ते टाळत होते, कारण तुला वाचून वाईट वाटेल, आणि तू काही वाईट हेतूनं बोलला नव्हतास हे मला माहीत आहे. काल बाबा अंघोळीला गेले असताना मी आईला विचारलं, त्यांच्या डोक्यात हे आलंच कुठून? आईनं सांगितलं. दिवाळीत तुम्ही आला नाहीत, तेव्हा तू फोनवर बाबांना म्हणालास, “फेब्रुवारीत येऊ तेव्हा उन्मेषला दाखवायला काहीतरी ठेवा. आजोबा भिंती बांधतात असं मी त्याला सांगितलंय, तो रोज विचारतो, कुठं आहे आजोबांची भिंत?” फोन ठेवल्यावर बाबा आईला म्हणाले, “लीला, पोराला काय दाखवू? माझी एकही नाही.”  तुमच्या दोघांत किती वर्षं नीट बोलणं नाही, तू हे काम नाकारलंस तेव्हापासून. त्यांना वाटलं असेल, तू पहिल्यांदाच त्यांचं काही बघायला मागतो आहेस. तेव्हा माझी एक विनंती आहे. मी त्यांना समजावू शकत नाही, तू समजावू शकतोस. आणि समजावूही नकोस. फक्त फोन कर आणि सांग की भिंत नको, तुम्ही मुलांना शिकवता ते उन्मेषला दाखवा, किंवा तुला सुचेल ते सांग, तुझ्या शब्दांत. तुला हे सगळं कळलंय असं त्यांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. जमलं तर अठ्ठावीसऐवजी आधीच ये, त्याला घेऊन. त्याच्या हातानं एक वीट निघाली तर बाबा नाही म्हणणार नाहीत, असं मला वाटतं, पण हे मी मोजलेलं नाही. पत्र तुला बुधवार-गुरुवारपर्यंत मिळेल. पुढचा रविवार मी तुमच्या दोघांसाठी मोकळा सोडते आहे, त्या दिवशी मी घरातही नसेन. तू फोन केलास तरी आणि नाही केलास तरी, बाबा माझ्याबरोबर आले तरी आणि नाही आले तरी, प्रार्थना झाल्यावर मी मॅडमना सगळं सांगेन, मुलांना अंगणात नेईन आणि वरच्या थराची पहिली वीट काढेन, सोमवारी, तेवीस फेब्रुवारीला.

तुझीच,
शलू